बर्फ्याचं काळं नाक

होळीच्या आठवड्यात बर्फ्याचे डोळे लाल झाले. पिंपळगाव राजात त्या दिवसांत अर्ध्या गावाचे डोळे लालच असतात. हरभऱ्याची मळणी चालू असते, भुसा उडत असतो, वर दुपारचा वारा. म्हणून घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

बर्फ्या हस्की जातीचा, तीन वर्षांचा कुत्रा. प्रतीक्षाला बारावीत चांगले मार्क मिळाले म्हणून तिच्या वडिलांनी, हरिओमने, तो संभाजीनगरहून आणला होता. अंग पांढरं, पाठ राखाडी, डोळे निळे आणि नाक कोळशासारखं काळं. प्रतीक्षाने नाव ठेवलं बर्फ. गावाने आठ दिवसांत त्याचा बर्फ्या केला. पुढे प्रतीक्षा फार्मसी शिकायला अकोल्याला गेली. हरिओमचा सगळा दिवस बी-बियाण्याच्या दुकानात जायचा. त्याच्या बायकोला, राखीला, घरभर उडणाऱ्या केसांचा वैताग यायचा. कुत्रा आपोआप पुष्पांजलीच्या वाट्याला आला.

पुष्पांजली ही हरिओमची धाकटी बहीण, प्रतीक्षाची आत्या. वय एक्केचाळीस. पंधराव्या वर्षी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आला होता. आता दोन्ही ओठ, पापण्या आणि कोपरापर्यंतचे हात पांढरे होते. तिला पाहायला सात घरची माणसं येऊन गेली. आठव्यांना बोलावू नका, असं तिनेच वडिलांना सांगितलं. तेव्हापासून ती घरातली मागची खोली सांभाळून होती. तिथे कूलर होता, आणि कूलरसमोर पाय पसरून बर्फ्या पडलेला असायचा. जेवताना तो तिच्या मांडीवर हनुवटी ठेवायचा, आणि ती त्याला आपल्या ताटातला घास द्यायची. तिच्या ताटातलं खाणारा घरात तो एकटाच होता.

डोळ्यांची लाली चौथ्या दिवशीही उतरली नाही, तेव्हा ती त्याला गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर मोईज मलकापूरचे, तिशीतले. दिवसभर गायी-म्हशी आणि शेळ्या तपासणारा माणूस, पण कुत्रा आणला म्हणून कधी तोंड वाकडं करायचा नाही. त्यांनी बॅटरी मारून डोळे पाहिले. उजेड पडताच बर्फ्याने मान फिरवली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"ताई, गोचिडं होते काय याच्या अंगावर?"

"दिवाळीत होते. म्या एकेक वेचून काढले."

"मंग गोचिडाच्या तापाचंच वाटते. आपल्याकडं कुत्र्याचे डोळे असे झाले की बहुतेक तेच निघते." त्यांनी तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायचं औषध दिलं आणि पुन्हा दाखवायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी लाली थोडी कमी वाटत होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पूर्ण करा. पुष्पांजलीला बरं वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी राखीने तिला अंगणातून हाक मारली. "ताई, इकडं या जरा. हे पाहा."

बर्फ्याच्या नाकाची कड गुलाबी झाली होती. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसावं तसा काळा रंग कडेकडेने गेला होता. राखीने त्याचं तोंड धरून ओठ उलटा केला. आत काळ्या ओठावर, अगदी कोपऱ्यात, तांदळाएवढा पांढरा ठिपका होता.

राखीने ओठ सोडला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी याच्या तोंडाले तोंड लावता न?"

"हाव. कधी कधी."

"लागलं मंग त्याले."

हे लागत नाही, हे पुष्पांजलीला ठाऊक होतं. तिच्या लहानपणीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिने स्वतः किती जणांना सांगितलं होतं. लग्नघरात शेजारची बाई सरकून बसली की ती म्हणायची, घाबरू नका, हे लागट नसते. पण त्या सकाळी तिने ते म्हटलं नाही. ती खोलीत गेली आणि आरशात आपले ओठ पाहिले. तिचा पहिला ठिपका याच जागी आला होता. ओठाच्या कोपऱ्यात. सव्वीस वर्षं लोक जे म्हणत आले ते खरंच असलं पाहिजे, असं तिला वाटलं. माणसांना लागलं नसेल, कारण माणसं तिच्यापासून दूर राहिली. हा मुका जीव दूर राहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला जवळ घेणं सोडलं. भाकरी लांबून त्याच्या भांड्यात टाकायची आणि हात साबणाने धुवायची. खोलीचं दार आतून लावून घ्यायची. बर्फ्या दोन दिवस दार ओरबाडत राहिला, मग जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत जाऊन बसायला लागला. दिवसा बाहेर निघेना. तो रुसला, असं तिला वाटलं. डोळ्यातलं औषध टाकायचं तर त्याचं डोकं मांडीवर घ्यावं लागायचं. ती बाटलीही तिने फळीवर ठेवून दिली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेहकरचे पाहुणे प्रतीक्षाला पाहायला आले. अशा वेळी पुष्पांजलीने घरात थांबायचं नाही, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण दरवेळी तिला काहीतरी काम निघायचं आणि ती मळ्यात जायची. त्या दिवशी ऊन फार होतं. राखी म्हणाली, "खोलीतच राहा, दार लावून घ्या."

सगळं नीट चाललं होतं. पोहे झाले, मुलाने प्रतीक्षाला दोन-चार प्रश्न विचारले, हरिओम हसला. मग मुलाची आई हात धुवायला मागच्या बाजूला आली. जिन्याखाली बांधलेल्या बर्फ्याला ती जवळ येईपर्यंत दिसली नसावी. तो एकदम दचकून अंगावर भुंकला. बाई किंचाळली. पुष्पांजली दार उघडून धावली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं.

बाई भिंतीला टेकून उभी होती. तिने आधी कुत्र्याचं तोंड पाहिलं, मग पुष्पांजलीचं, मग त्याच्या तोंडावरचे तिचे हात. पुष्पांजलीबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाली, "याच्या नाकाले काय झालं, बाई?"

चहा पिऊन पाहुणे गेले. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. पोरगी पसंत आहे, पण घरात कोड आहे आणि ते पसरून राहिलं आहे, जनावरालेही सोडलं नाही, असं ते लोक म्हणतात.

हरिओम ओरडला नाही. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर पोतं अंथरलं आणि बर्फ्याला उचलून आत ठेवलं. निघताना तो बहिणीला म्हणाला, "पुष्पे, याले मळ्यात ठेवतो. काही दिवस तू तिकडं येऊ नको. तुह्यासाठी नाही म्हणत मी. त्याच्यासाठी म्हणतो."

तिने मान हलवली. भावाचं म्हणणं तिला पटलं होतं.

मळा गावापासून तीन किलोमीटरवर. तिथे जनकाबाई नावाची साठीची बाई राखणीला होती. ती दर दोन दिवसांनी घरी येऊन कुत्र्यासाठी भाकरी न्यायची. पुष्पांजली तिला विचारायची, खाते काय? जनकाबाई म्हणायची, खाते, पण मन नाही त्याचं. तीन आठवडे असेच गेले. मे महिन्यातल्या एका सकाळी जनकाबाईने भाकरीचं फडकं हातात घेतलं आणि दारातच थांबली.

"बाई, सांगू की नाही कळत नव्हतं. त्याले दिसत नसन. काल पाण्याच्या टाक्यात पडला. खाटेले धडकते, झाडाले धडकते. आन् रडते दिवसभर."

पुष्पांजलीने चपला घातल्या. डोक्यावर पदर घेतला आणि तिच्याबरोबर चालत निघाली.

बर्फ्या ट्रॉलीच्या खाली सावलीत होता. तिचा आवाज ऐकताच शेपटी हलली. तो उठून तिच्या दिशेने आला, पण तिच्यापासून हातभर बाजूने पुढे गेला आणि ट्रॉलीच्या चाकावर आदळला. तो तिथेच उभा राहून हवेत नाक फिरवू लागला.

नाकावर आता काळा रंग नावालाही उरला नव्हता. ओठ पांढरे, पापण्यांच्या कडा पांढऱ्या. उजवा डोळा सुजून बाहेर आला होता. त्यातला निळा रंग गेला होता आणि दुधाळ, लालसर काहीतरी भरलं होतं. तिने दोन्ही डोळ्यांसमोरून हात फिरवला. पापणी लवली नाही.

ती मातीत बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाच आठवड्यांनी पहिल्यांदा. त्याने मान टाकून दिली आणि बारीक आवाजात कण्हत राहिला. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड न घाबरता नीट पाहिलं. तेव्हा तिला एकोणिसाव्या वर्षीची ती दुपार आठवली.

वडील तिला अकोल्याला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. म्हातारे, जाड भिंगाचे डॉक्टर. त्यांनी डाग पाहायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या होत्या. डोळे लाल होतात का? डोकं खूप दुखतं का? कानात आवाज येतो का? वडील म्हणाले होते, साहेब, डाग तर कातडीले हाय, डोळ्याचं काऊन विचारता? डॉक्टर म्हणाले होते, रंग नुसता कातडीत नसतो. तो डोळ्याच्या आत असतो, कानाच्या आतही असतो. एखाद्याचं शरीर त्या रंगालाच वैरी समजतं आणि जिथे रंग सापडेल तिथे मारतं. तसं असलं तर कातडीची चिंता नंतर, आधी डोळे वाचवावे लागतात. तुमच्या मुलीला तसं नाही.

नाही म्हटलं होतं, तरी पुढचं वर्षभर ती रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून पाहायची.

"आधी डोळे," ती मोठ्याने म्हणाली. "मंग नाक."

"काय म्हणता, बाई?" जनकाबाईने विचारलं.

"याले माह्यं नाही लागलं. याचं वेगळं हाय. आन् हे एकच हाय, डोळ्याचं आन् नाकाचं."

तिने तिथूनच डॉक्टर मोईजना फोन केला. ते अर्ध्या तासात मोटारसायकलवर आले. उन्हात उभं राहून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. कोणत्या दिवशी डोळे, कोणत्या दिवशी नाक, ओठाचा पहिला ठिपका कुठे, तो अंधारात कधीपासून बसायला लागला. अकोल्याच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचंही सांगितलं. मोईज खाली बसले. त्यांनी बर्फ्याचा ओठ उलटून पाहिला, मग डोळे, मग पंजाचे तळवे. तळव्यांवरही गुलाबी चट्टे होते.

"ताई, कॉलेजात याच्यावर एक पान होतं," ते म्हणाले. "एकच पान. हस्कीसारख्या कुत्र्यांत होते म्हणून लिहिलेलं. मी परीक्षेपुरतं वाचलं आणि आयुष्यात कधी दिसणार नाही म्हणून सोडून दिलं."

"गोचिडाचं नव्हतं मंग?"

"नव्हतं. तुम्ही आणला तेव्हा नाक काळंच होतं, मले आठवते. पण नंतर मी बोलावून पाहायला पाहिजे होतं." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "तुम्ही आणलं काऊन नाही, नाक असं व्हायला लागलं तेव्हा?"

पुष्पांजली बर्फ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. "मले वाटलं, माह्यंच लागलं."

मोईजनी रुमाल खिशात ठेवला. उठून बाजूला गेले आणि अकोल्याच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या त्यांच्या सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला जायचं होतं. हरिओम माल आणायला जळगावला गेला होता. परीक्षा संपून घरी आलेल्या प्रतीक्षाने कुणाला न विचारता घरातली मोठी गाडी काढली. राखी दारात उभी राहिली, पण तिने मुलीला अडवलं नाही.

खामगाव मागे पडलं. बर्फ्या मागच्या सीटवर पुष्पांजलीच्या मांडीवर डोकं ठेवून होता. गाडी खड्ड्यात गेली की विव्हळायचा.

"आत्या," प्रतीक्षा समोर पाहत म्हणाली, "मले होईन काय?"

"काय?"

"तुले हाय ते. मी फार्मसीत हे सगळं शिकली. लागत नाही, हे मले माहीत हाय. पण घराण्यात येऊ शकते न? मी रोज अंघोळ करताना अंग तपासते. आठवीपासून."

पुष्पांजलीला खोटं बोलता आलं असतं. "आपल्या घराण्यात मी एकटीच," ती म्हणाली. "तुह्या आजीले नव्हतं, आजोबाले नव्हतं. तुले होईन का नाही, हे कोणालेच सांगता येत नाही."

प्रतीक्षाने मान हलवली. थोड्या वेळाने तिने डावा हात मागे केला. पुष्पांजलीने तो धरला नाही, तिला वाटलं पोरगी कुत्र्याला चाचपडते आहे. मग प्रतीक्षानेच तिची बोटं शोधून घेतली आणि पुढचं गाव येईपर्यंत तशीच एका हाताने गाडी चालवली.

कॉलेजातले डॉक्टर प्रसेनजित डोळ्यांचे जाणकार होते. त्यांनी एका लहानशा यंत्राने डोळ्यांतला दाब मोजला, अंधाऱ्या खोलीत नेऊन आत पाहिलं, आणि भुलीची सुई देऊन ओठाचा मसुरीएवढा तुकडा तपासायला काढून घेतला. अहवाल यायला आठ दिवस लागणार होते, पण ते थांबले नाहीत. त्याच दिवशी स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या, डोळ्यात टाकायची दोन औषधं दिली. काय चाललं आहे ते त्यांनी दोघींना सरळ सांगितलं. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, तीच फिरली आहे. रंग तयार करणाऱ्या पेशींना ती शत्रू समजते. नाकावर, ओठावर ते दुखत नाही, नुसता रंग जातो. डोळ्याच्या आत मात्र आग लागल्यासारखं होतं. पडदा सुटतो, पाणी अडतं, दाब वाढतो.

"दिसेल पुन्हा?" प्रतीक्षाने विचारलं.

"उजवा गेला. आतला पडदा सुटून आलाय. डाव्याला थोडा उजेड कळतोय. प्रयत्न करू."

आठ दिवसांनी अहवाल आला. डॉक्टर मोईज तो घेऊन स्वतः घरी आले. ओट्यावर हरिओम होता, राखी दाराशी उभी होती. मोईजनी ते लांबलचक नाव वाचून दाखवलं: युव्हिओडर्मॅटॉलॉजिक सिंड्रोम. मग साध्या भाषेत समजावलं. हे एका कुत्र्याचं दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, कुत्र्याचं माणसाला नाही, माणसाचं कुत्र्याला नाही. पुष्पाताईंच्या कोडाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यांचं कोडही कुणाला लागत नाही. "उलट," ते म्हणाले, "हे ओळखलं ताईंनीच. मी नाही ओळखलं."

हरिओमने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "पुष्पे," तो म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिला.

राखी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमी सांगतलं, मी मानलं. मी म्हणाली होती त्याले लागलं म्हणून, ते माह्यं चुकलं. ताई, चुकलं माह्यं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. "पण मेहकरवाल्यांले हा कागद कोण वाचून दाखवन? उद्या दुसरं स्थळ येईन, त्याले कोण दाखवन? पोरीचं लग्न होईपर्यंत कुत्रा मळ्यातच राहू द्या."

पुष्पांजली आत गेली. तिने दोन लुगडी, एक गोधडी आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. बर्फ्याला दिवसातून चार वेळा औषध लागत होतं, आणि जनकाबाईला लेबल वाचता येत नव्हतं. ती मळ्यात राहायला गेली. तिला जा असं कुणी म्हटलं नाही, आणि थांबही कुणी म्हटलं नाही.

मळ्यातली खोली पत्र्याची. जून लागला तरी ऊन कमी झालं नव्हतं. गोळ्यांमुळे बर्फ्याला सतत तहान लागायची, तो बादलीभर पाणी प्यायचा आणि जागच्या जागी लघवी करायचा. ती ओलं पोतं त्याच्या अंगावर टाकायची, फरशी धुवायची, पुन्हा पोतं भिजवायची. नाकाच्या टोकावर एक काळा ठिपका परत आला तेव्हा जनकाबाईने खडीसाखर वाटली. पण डोळ्यांचं काही सुधारलं नाही. दाब वाढत गेला. तो डोकं खाटेच्या पायाला दाबून उभा राहायचा, तासन् तास. खाणं सोडलं.

डॉक्टर प्रसेनजित म्हणाले, आता डोळे ठेवून त्याला नुसत्या वेदना आहेत. जूनच्या शेवटी उजवा डोळा काढला. तीन आठवड्यांनी डावा. दोन्ही जागी पापण्या शिवून टाकल्या. दुसऱ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बर्फ्याने स्वतःहून भांडं हुडकून काढलं आणि सगळी भाकरी खाल्ली. किती दिवस त्याचं डोकं ठणकत होतं ते तेव्हा पुष्पांजलीला कळलं.

टाके काढायला डॉक्टर मोईज मळ्यात आले, त्या दिवशी तिने त्यांना विचारलं. "डॉक्टर, खरं सांगा. म्या पाच आठवडे त्याले जवळ नाही घेतलं. नाकाची कड गेली तेव्हाच आणला असता तर?"

मोईज कात्री पुसत होते. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं तर, असंही विचारता येते, ताई."

"ते तुमचं. माह्यं सांगा."

त्यांनी कात्री डब्यात ठेवली. "एखादा डोळा वाचला असता कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण वाचू शकला असता."

"हाव," ती म्हणाली. तिला हेच ऐकायचं होतं असं नाही, पण कुणीतरी खरं बोलावं एवढं तिला हवं होतं.

राखीपौर्णिमेनंतर प्रतीक्षाचं लग्न जमलं. शेगावकडचं स्थळ होतं, मुलगा औषध कंपनीत. साखरपुडा शुक्रवारी ठरला. राखी मळ्यात सांगायला आली. तिने पिशवीतून आणलेले लाडू दिले, बर्फ्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग बराच वेळ तुरीकडे पाहत राहिली.

"वहिनी, मले शुक्रवारी अकोल्याले जायचं हाय," पुष्पांजलीच म्हणाली. "डॉक्टरनं बोलावलं याले. पोरांले दाखवायचं म्हणते, कॉलेजातल्या."

राखीने तिचा हात धरला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन रडायला लागली. पुष्पांजलीने तिला पाणी दिलं.

शुक्रवारी डॉक्टर मोईजच तिला आणि बर्फ्याला गाडी करून घेऊन गेले. वर्गात चाळीसेक पोरंपोरी होती. बर्फ्याला टेबलावर उभं केलं तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं उठून पाहू लागली. शिवलेल्या पापण्या, गुलाबी नाकाच्या टोकावर तेवढा काळा ठिपका. डॉक्टर प्रसेनजितनी पडद्यावर जुने फोटो दाखवले. होळीच्या आधीचा प्रतीक्षाने काढलेला एक फोटो होता, निळ्या डोळ्यांचा. पुष्पांजली त्या फोटोकडे पाहू शकली नाही.

"आपल्याकडे हा आजार फार क्वचित दिसतो," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांवर उपचार करणारा नाकाकडे पाहत नाही, आणि कातडीवर उपचार करणारा डोळ्यांकडे. दोन्हींचा संबंध पहिल्यांदा या बाईंनी लावला."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे, मग हातांकडे. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने नजर चटकन खाली घेतली.

"मॅडम, तुम्ही कसं ओळखलं?" मागून कुणीतरी विचारलं.

मॅडम म्हणून तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. ती बर्फ्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. त्याला आवाजांमुळे भीती वाटत होती, तो थरथरत होता.

"उशिरा ओळखलं," ती म्हणाली. "आधी घाबरली मी. लोक म्हणे याले माह्यं लागलं, मलेही तेच खरं वाटलं. म्हून मी त्याच्याकडं पाहणंच सोडलं. पाहत राह्यली असती तर याचा एखादा डोळा असता आज." तिने बर्फ्याचं तोंड हळूच वर केलं. "तुमच्याकडं कोणी लाल डोळ्याचा कुत्रा आणन, तर त्याचं नाक पाहा, ओठ उलटून पाहा. नाक पांढरं पडलेला आणन, तर डोळे पाहा. आन् आणणारी बाई काही सांगून राह्यली असन तर ऐकून घ्या. आन् ती काही सांगत नसन, तर तिले विचारा, काऊन सांगत नाही."

पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर केली. ती आता पुष्पांजलीच्या हातांकडे सरळ पाहत होती, आणि वहीत काहीतरी लिहीत होती.

डॉक्टर प्रसेनजितनी पोरांना एकेक करून पुढे यायला सांगितलं. पुष्पांजलीने बर्फ्याच्या कानाशी तोंड नेलं. "कोणीतरी हात लावणार हाय, बाळा," ती म्हणाली, मग पहिल्या मुलाला खुणेने जवळ बोलावून त्याची बोटं हलकेच बर्फ्याच्या ओठावर ठेवली.